मागच्या बेडरूमपर्यंत वायफाय कसं पोचवायचं

घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये नेटवाला आला तेव्हा मी ऑफिसात होतो. डक्टमधून काढलेली काळी चपटी वायर त्याने दाराच्या चौकटीवरून आत घेतली, पहिला रिकामा प्लग दिसला तिथे वायफायचा डबा ठोकला, आईच्या मोबाइलवर आलेला ओटीपी घेतला आणि पुढच्या घरी गेला. तो प्लग चपलांच्या कपाटामागे होता. पुढची पावणेदोन वर्षं हॉलमध्ये मॅच झकास दिसायची आणि मागच्या बेडरूममध्ये माझा ऑफिसचा कॉल ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ याच्या पुढे सरकायचा नाही. मी दोनदा प्लॅन वाढवला. एकदा सहा शिंगांचा नवा राउटर आणला, आणि तोही त्याच कपाटामागे ठेवला.

त्यानंतर सोसायटीतली आणि नात्यातली मिळून वीसेक घरं तरी मी तपासली असतील. बहुतेक ठिकाणी रडगाणं हेच. डबा बसवताना घराचा विचार कोणी केलेला नसतो, ड्रिल कुठे कमी मारावं लागेल एवढाच केलेला असतो. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका. आधी मोजा, मग डबा हलवा, मग सेटिंगला हात लावा. खरेदी सगळ्यात शेवटी.

## आधी लाइन तपासा

‘नेट स्लो आहे’ या तक्रारीत दोन वेगळे आजार लपलेले असतात. एक म्हणजे बाहेरून डब्यापर्यंत येणारी लाइनच कमी पडते. दुसरा, डब्यापासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंतचा हवेतला शेवटचा टप्पा. पहिल्याचा इलाज कंपनीकडे आहे, दुसऱ्याचा तुमच्याकडे. हे वेगळं केल्याशिवाय पुढे गेलात तर माझ्यासारखा प्लॅन वाढवत बसाल.

लॅपटॉप डब्याला लॅन केबलने जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट लावा. एकदा सकाळी, एकदा रात्री साडेनऊच्या सुमारास, म्हणजे अख्खी इमारत काहीतरी बघत असते तेव्हा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा छोटा कन्व्हर्टर मिळतो. तोही नसेल तर फोन घेऊन डब्यापासून पाच-सहा फुटांवर उभे राहा आणि ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर (वायफायच्या २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांपैकी वेगवान) टेस्ट करा. केबलइतकं काटेकोर नाही, पण अंदाज येतो.

केबलवर प्लॅनइतका स्पीड मिळतोय? मग लाइन ठणठणीत आहे, दोष घरातल्या हवेत. केबलवरही रात्री निम्मा होतोय? मग भिंती, राउटर यांना दोष देऊ नका, कंपनीत तक्रार नोंदवा. तक्रार करताना ‘वायफाय स्लो आहे’ म्हणालात तर समोरचा ‘सर, राउटर बंद करून चालू करा’ म्हणणार. ‘लॅन केबलवर अमुक वाजता अमुक स्पीड आला’ असं सांगा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. संभाषणाचा सूरच बदलतो.

डब्यावरचे दिवेही वाचता येतात. फायबरच्या डब्यावर पॉन (PON) लिहिलेला दिवा स्थिर हवा आणि एलओएस (LOS) लिहिलेला विझलेला हवा. एलओएस लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. वायर कुठेतरी तुटली आहे, फार वाकली आहे किंवा कनेक्टर निसटला आहे.

इथे एक फसवा आकडा भेटतो. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आहे आणि केबलवर टेस्ट ९४-९५ वर येऊन अडते, रोज तिथेच. ही कंपनीची लबाडी नव्हे. केबल किंवा तिच्या एका टोकाचं पोर्ट १०० एमबीपीएसच्या जातीचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. गिगाबिटसाठी, म्हणजे १००० एमबीपीएससाठी, केबलमधल्या आठही तारा जोडलेल्या लागतात. वायरमनने चारच ठोकल्या असतील किंवा एखादी निसटली असेल तर गाडी शंभरच्या आत राहते. कॅट ५ई किंवा कॅट ६ची अख्खी केबल लावून बघा.

## घराचा नकाशा काढा

एक कोरा कागद घ्या आणि घराचा ढोबळ आराखडा काढा. आर्किटेक्टचा नको, रांगोळीच्या ठिपक्यांइतका नेमकाही नको. भिंती, दारं, मोठी कपाटं, फ्रीज, संडास-बाथरूम आणि डबा एवढं दाखवा.

आता मोजायचं. फोनवरच्या त्या तीन-चार दांड्या विसरा. कुठल्या आकड्याला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, त्यामुळे तुमच्या फोनवर तीन आणि बायकोच्या फोनवर दोन असं होतं. आपल्याला डीबीएमचा, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापाचा, आकडा हवा. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर नावाची फुकट ॲप्स ढिगाने आहेत, फक्त लोकेशन चालू ठेवावं लागतं. आयफोनवर ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी हे ॲप घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा समोर येतो.

आकडा नेहमी उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे राजेशाही. उणे ६० पर्यंत काहीही चालतं. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ ही लक्ष्मणरेषा धरा. उणे ७० च्या पलीकडे मेसेज जातात, कॉल अडखळतो. उणे ८० ला फोन ‘कनेक्टेड’ म्हणतो खरा, पण ते नातं नावापुरतंच. हे आकडे साध्या वजाबाकीचे नाहीत, हेही लक्षात ठेवा. ३ ने घसरले की ताकद निम्मी होते, १० ने घसरले की दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे उणे ६० आणि उणे ७० यांच्यात ‘दहाचाच तर फरक आहे’ असं म्हणू नका.

तुम्ही खरोखर बसता तिथे मोजा. पलंगावर, डायनिंगच्या खुर्चीवर, ओट्याशी, बाल्कनीत. (संडासातही मोजा. कोणी कबूल करत नाही, पण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.) फोन रोज धरता तसाच धरा. रात्री दार लावून झोपत असाल तर दार लावून मोजा. प्रत्येक जागी पंधरा-वीस सेकंद थांबा, मग अर्धी गिरकी घेऊन पुन्हा बघा, कारण डबा आणि फोन यांच्या मधे तुमचं शरीर आलं तरी आकडा खाली येतो. अँड्रॉइडवर आकडा गोठल्यासारखा वाटला तर ॲप बिघडलेलं नाही. बॅटरी वाचवायला फोन स्कॅनच कमी वेळा करतो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद केलं की ताजे आकडे येऊ लागतात.

प्रत्येक ठिकाणी दोन आकडे लिहा, २.४ गिगाहर्ट्झचा एक आणि ५ चा एक. २.४ लांब पोचतो आणि भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्याचा रस्ता अरुंद आणि गर्दीचा. ५ वेगवान, पण भिंत दिसली की दमतो.

आमच्या घरचा तो कागद अजून माझ्याकडे आहे. ५ गिगाहर्ट्झवर सोफ्याशी उणे ४६, ओट्याशी उणे ५८, मागच्या बेडरूमच्या दारात उणे ६९ आणि पलंगावर उणे ८१. दारापासून पलंग चार पावलांवर! त्या चार पावलांत १२ डीबी कोणी खाल्ले, हे शोधायला मी पट्टी घेऊन डबा ते पलंग अशी सरळ रेघ मारली. रेघ चपलांच्या कपाटातून निघाली, फ्रीजच्या पाठीतून गेली, बाथरूमची भिंत तिरकी कापली आणि शेवटी आरसा लावलेल्या वॉर्डरोबमधून पलंगावर उतरली. दारात उभं राहिलं की शेवटची दोन विघ्नं टळायची. तुम्हीही ही रेघ मारा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचे निम्मे निर्णय तीच रेघ घेते.

कागदावर आणखी एक गंमत होती. त्याच पलंगावर २.४ चा आकडा उणे ६४ होता, म्हणजे छान, तरीही रात्री त्यावर कॉल तुटायचा. सिग्नल पोचणं आणि मोकळी जागा मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या गर्दीकडे सेटिंगच्या वेळी येतो.

## भिंत कशाची आहे?

आई-बाबांचं जुनं घर नौपाड्यात, विटांच्या इमारतीत. तिथे साधा एकशिंगी राउटर तीन खोल्या ओलांडून गॅलरीत पोचतो. तोच राउटर मी घोडबंदरला आणला तर दुसऱ्या भिंतीशी हात टेकतो. कारण भिंतीतच आहे. घोडबंदर रोड, खारघर वगैरे भागांतल्या अनेक नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीचं बांधकाम आहे. ॲल्युमिनियमचे साचे लावून स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्या ओततात. म्हणजे खोल्यांमधली भिंतही आरसीसी, आत सळयांची जाळी. विटेची किंवा हलक्या ब्लॉकची भिंत सिग्नलला थोडी फी लावून सोडते, ही भिंत अंगावरचे कपडे काढून घेते.

तुमची भिंत कुठली हे कळायला बिल्डरला फोन नको. पडद्याचे रॉड लावणाऱ्याला काय त्रास झाला ते आठवा. ड्रिल मारल्यावर लाल भुकटी पडली तर वीट. पांढरट-करडी, पिठासारखी भुकटी पडली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर हलका ब्लॉक. साधा खिळा वाकला, हॅमर ड्रिल मागवावं लागलं आणि शेजारच्यांनी बेल वाजवली तर आरसीसी.

भिंतीखेरीज मोठे शत्रू दोनच, धातू आणि पाणी. लोखंडी कपाट, फ्रीज, स्टीलच्या ट्रॉल्या आणि आरसा (त्याच्या पाठीला धातूचा मुलामा असतो) सिग्नल परतवून लावतात. पाणी तो पिऊन टाकतं. लॉफ्टवर पाण्याची टाकी असेल किंवा हॉलमध्ये मोठं फिश टँक असेल, तर त्यांच्या सावलीत कोणती खोली येते ते कागदावर बघा.

तिरकेपणाही नडतो. सहा इंचांची भिंत सिग्नलने समोरून ओलांडली तर सहाच इंच, पण लंबापासून ६० अंशात तिरकी कापली तर वाटेत बारा इंच काँक्रीट येतं. डब्यासाठी जागा शोधताना भिंती शक्यतो समोरून ओलांडल्या जातील असं बघा.

नेरूळ-वाशीकडच्या सिडकोच्या रो हाउसमध्ये अडचण उभी असते, मधे स्लॅब येतो. तिथे डबा जिन्याजवळ ठेवा. जिन्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेलं भोक हाच सिग्नलचाही जिना होतो.

## डबा हलवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते.

आदर्श जागा म्हणजे घराच्या साधारण मध्यावर, बहुतेक फ्लॅटमध्ये पॅसेजच्या तोंडाशी, पाच-सहा फूट उंचीवर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नको, टीव्ही युनिटच्या बंद खणात नको, जमिनीवर नको. ‘तो डबा दिसायला घाण दिसतो’ हा आक्षेप मला मान्य आहे. पण ट्यूबलाइट दिसायला बरी नाही म्हणून कपाटात ठेवून कपाटाच्या दारातून उजेडाची अपेक्षा आपण करत नाही.

भोकं पाडण्याआधी रंगीत तालीम करा. एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, फायबरच्या डब्यापासून लांब लॅन केबल आणून नव्या जागी राउटर स्टुलावर ठेवा, आणि दोन दिवस तसाच राहू द्या. घरचे अडखळतील, बोलतील, ऐकून घ्या. तोच कागद, त्याच जागा, वेगळ्या रंगाचं पेन. आकडे सुधारले तरच पुढे जा.

डबा कायमचा हलवायचे दोन रस्ते. पहिला, कंपनीच्या माणसाला बोलावून फायबरच नव्या जागेपर्यंत वाढवून घ्यायचं. नाजूक काम आहे, स्वतः करू नका. आत काचेचा धागा असतो, तो टाचणीसारखा दुमडला की प्रकाश गळतो. वळणावर निदान क्रिकेटच्या चेंडूइतका गोलवा राहू द्यायला सांगा. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. फायबरचा डबा आहे तिथेच राहू द्यायचा, त्याचं वायफाय बंद करायचं, आणि तिथून लॅन केबल टाकून राउटर घराच्या मध्यावर बसवायचा. केबल स्कर्टिंगवरून किंवा दारांच्या वरून पट्टीत नेता येते. जुन्या टेलिफोनचा कन्सील पाइप असेल तर सोन्याहून पिवळं. विजेच्या तारांच्या पाइपात मात्र ती घालू नका.

केबल घेताना तांब्याचीच मागा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि वर्षभरात दगा देते. दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणाला तरी टोक खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत द्या.

अँटेनांविषयी घरोघरी गैरसमज आहेत. लोक त्या खोलीकडे रोखून धरतात, बंदुकीसारख्या. सिग्नल अँटेनाच्या टोकातून निघत नाही. अँटेना मेदूवड्याच्या भोकात उभी केली आहे अशी कल्पना करा. सिग्नल त्या वड्यासारखा आजूबाजूला पसरतो, टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी. एका मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अँटेना उभ्या ठेवा. रो हाउसमध्ये एखादी आडवी करून बघा, म्हणजे वडा उभा होऊन वरच्या मजल्यालाही वाटा मिळेल.

## आता सेटिंग

डब्याच्या बुडाला स्टिकर असतं. त्यावर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. घरच्या वायफायवर असताना तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. कंपनीच्या डब्यात काही पानं कुलूपबंद असतात. तसं असेल तर कस्टमर केअरला सांगून चॅनल (पट्ट्यातली तुमची जागा) आणि रुंदी (ती जागा किती पसरट) बदलून मागा, बहुतेक वेळा करून देतात.

तो पलंगावरचा उणे ६४ चा कॉल का तुटायचा, ते इथे कळतं. ॲनालायझरमध्ये मला माझ्या बेडरूममधून ३१ नेटवर्क दिसत होती आणि त्यातली बहुतेक २.४ वर. या बँडमध्ये, म्हणजे पट्ट्यात, आपल्याकडे १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना धक्का न लागणारे तीनच, १, ६ आणि ११. ‘मी ३ वर जातो, तिथे कोणीच नाही’ ही हुशारी अंगाशी येते. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या रांगेसारखं, हळू पण सरकतं. ३ वर बसलेला राउटर मात्र १ आणि ६ दोघांनाही नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतो, आणि त्यालाही त्या दोघांचा गोंगाटच. शेजारी-शेजारी दोन मांडव, दोघांचे स्पीकर सुरू, दोन वेगळ्या आरत्या. दोन्हीकडच्या भटजींना काही कळत नाही.

तेव्हा २.४ ला १, ६, ११ पैकी ज्यावर जोरदार शेजारी सगळ्यात कमी तो निवडा, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवर पक्की करा. ४० ठेवली तर तुम्ही अर्ध्याहून जास्त रस्ता अडवता आणि मार स्वतःच खाता. ॲनालायझरमध्ये बघताना नेटवर्क मोजू नका, त्यांचे आकडे बघा. उणे ९० वरचे दहा शेजारी परवडतात, उणे ५५ वरचा एक नाही.

५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे. तिथे ८० मेगाहर्ट्झ रुंदीने सुरुवात करा, रात्री स्पीड हेलकावे खात असेल तर ४० वर या. चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला घ्या. मधल्या चॅनलांवर राउटरला आधी मिनिटभर कान लावून रडार नाही ना हे बघावं लागतं, आणि चालू असताना रडारची चाहूल लागली तर ती जागा सोडावी लागते. ‘मधेच ५ गायब होतं आणि थोड्या वेळाने येतं’ या कोड्याचं उत्तर कधीकधी हेच असतं.

दोन्ही बँडना एकच नाव ठेवायचं की वेगळं? चांगला राउटर असेल तर एकच नाव सोयीचं. पण तुमचा फोन हॉलमध्ये असूनही २.४ ला चिकटून बसत असेल तर आठवडाभर नावं वेगळी करून बघा. फोन, लॅपटॉप, टीव्ही ५ वर. प्रिंटर, स्मार्ट बल्ब, जुना कॅमेरा २.४ वर. त्यांतल्या बहुतेकांना ५ दिसतच नाही.

आणि ‘लांब पल्ल्याचा’ राउटर. राउटर कितीही जोराने ओरडला तरी तुमच्या फोनला तितक्याच लांबून उत्तर द्यायचं असतं, आणि फोनचा आवाज लहान. म्हणून कधीकधी दांड्या भरपूर दिसतात, व्हिडिओ दिसतो, पण तुमचं बोलणं समोरच्याला तुटक ऐकू जातं. यावर इलाज राउटर जवळ आणणं हाच. माझी सहा शिंगं अशीच वाया गेली.

## वायर नेता येत असेल तर

हलवून, सेटिंग करूनही एखादी खोली उणे ७० च्या खालीच राहिली तर त्या बाजूला दुसरा डबा लागेल. मायवानच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तो बहुधा लागतोच.

सर्वात स्वस्त आणि माझ्या मते सर्वात चांगला उपाय म्हणजे घरात धूळ खात पडलेला जुना राउटर आणि मागच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल. त्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करायचं, म्हणजे केबलने आलेलं नेट नुसतं वायफायने पसरवणारा डबा. मेनूत तसा मोड असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर लॅपटॉप त्याला केबलने जोडा, त्याचा पत्ता मुख्य राउटरच्या शेजारचा पण वेगळा द्या (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्यसारखाच ठेवा, चॅनल मात्र वेगळा. मग मुख्य राउटरकडून आलेली केबल याच्या लॅनच्या भोकात लावा, वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या लाइनच्या) नको. इथेच लोक चुकतात. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर घरात दोन जण पत्ते वाटत बसतात आणि एक दिवस कोणालाच नेट मिळत नाही.

वायर नेणं खरंच अशक्य असेल तर मेश. दोन-तीन डबे एका नावाने चालतात, तुम्ही फिराल तसा फोन जवळच्या डब्याकडे जातो. पण दुसरा डबा कुठे ठेवता त्यावर सगळं आहे, आणि हे मी आत्याच्या घरी नेरूळला नीट पाहिलं.

आत्याचं रो हाउस, हॉल पुढे, स्वयंपाकघर मागे. तिचा फोन आला, ‘अरे, कोणीतरी सांगितलं म्हणून ते रिपीटर का काय आणलंय. फ्रीजवर लावलंय. दांड्या भरलेल्या दिसतात, पण रेसिपी लावली की मेलं नुसतं गोल फिरत बसतं!’ गेलो. फ्रीजशी मुख्य राउटरचा आकडा उणे ८३. रिपीटर राउटरचा सिग्नल पकडून पुढे सोडतो, म्हणजे इथे तो स्वतःच उपाशी आणि आत्याला पंगतीला बसवून ठेवलेलं. भरलेल्या दांड्या आत्या ते रिपीटर एवढ्याच अंतराच्या होत्या. मी तो उपटून जिन्याच्या कोपऱ्यातल्या प्लगमध्ये लावला, जिथे राउटर उणे ६१ वर दिसत होता. ओट्याशी रेसिपी सुरू झाली. ‘एवढंच होतं?’ म्हणाली, आणि मला थालीपीठ मिळालं.

तर मेशचा किंवा रिपीटरचा डबा मेलेल्या खोलीत लावू नका. मुख्य डबा आणि ती खोली यांच्या मधे, जिथे मुख्यचा आकडा उणे ६० च्या आसपास मिळतो, तिथे लावा. साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. रेसिपीला पुरतो, दोघांच्या ऑफिसच्या कॉलला नाही. म्हणून माझ्या यादीत तो शेवटचा.

## किरकोळ पण छळणारे

नेट बरोबर जेवणाच्या वेळी जातं? मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात काम करतो, राउटर त्याच्या शेजारून उचला. डबा हाताला चटका देतोय? उघड्या हवेत आणा. दिवसातून चार वेळा आपोआप बंद-चालू होतोय? ॲडॉप्टर थकलेला असू शकतो. त्याच व्होल्टचा, आणि ॲम्पिअर तेवढेच किंवा जास्त असलेला दुसरा लावून बघा. लाइट जाताच कॉल तुटत असेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना फायबरचा डबा आणि राउटर दोन्हींचे व्होल्ट आणि पिनेचा आकार बघा, नाहीतर एक चालू आणि एक बंद अशी गंमत होते. आणि नेटवर्कला जोडलेल्या उपकरणांची यादी एकदा वाचून काढा. आमच्या यादीत दोन मजले खालच्या मुलाचा फोन निघाला. गेल्या गणपतीत मीच पासवर्ड दिला होता.

शेवटी तोच जुना कागद घ्या आणि तिसऱ्या रंगाच्या पेनाने पुन्हा सगळीकडे मोजा, दारं लावून, रात्री साडेनऊला. आमच्याकडे राउटर पॅसेजच्या कोपऱ्यात गेला आणि वॉर्डरोबच्या वाटेतून रेघ सुटली. पलंगावर ५ गिगाहर्ट्झचा आकडा आता उणे ५९ आहे. प्लॅन मी परत खालचा घेतला. फायबरचा डबा अजून चपलांच्या कपाटामागेच आहे, फक्त त्याचं वायफाय बंद आहे. त्याच बोर्डवर आई आता संध्याकाळी डासांची मशीन लावते.